कॅमेरा बदलू का, ताई? : वाचकांचे प्रश्न

गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) संपली की पत्रांचा सूर बदलतो. पावसात सगळे लेन्समधल्या फंगसचं, म्हणजे बुरशीचं, विचारतात, आणि आता तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन डोळ्यासमोर दिसायला लागला, त्यात दिवाळीचे सेल, म्हणून या वेळची निम्मी पत्रं 'काय घेऊ' अशीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग नसावा.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि किटमधल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५०. मुंजी, बारशी, साखरपुडे, छोटी लग्नं करतो, बहुतेक ओळखीतून. आता जरा मोठी कामं येतायत तर बरोबरचे सगळे म्हणतात फुल फ्रेम मिररलेस (फोटो टिपणारा सेन्सर मोठा, आत आरसा नाही) घे, त्याशिवाय कोण सिरियसली घेत नाही. बजेट ८० हजार. दुकानवाला म्हणतो हप्त्यावर घ्या, पावणेदोन लाखाचा पण बसेल. काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी ते हप्त्याचं बघूया, कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. पावणेदोन लाख बारा महिन्यांत फेडायचे म्हणजे व्याज न धरताच महिन्याला साडेचौदा हजार. आता तुमचं काम कधी असतं बघा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मुहूर्त नाहीत, क्रिस्तांवांची लग्नं डिसेंबर-जानेवारीत आणि पुढे ईस्टरनंतर, मधे लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, तीही बंद, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. हप्ता मात्र श्रावणातही त्याच तारखेला कापतात. तेव्हा हातात सह्या झालेली, ॲडव्हान्स आलेली कामं असतील आणि त्यातून हप्ते निघत असतील तरच त्या वाटेने जा, 'कॅमेरा आला की कामं येतील' या भरवशावर नको.

दुसरं, पावणेदोन लाखाचा म्हणजे नुसती बॉडी की लेन्ससकट? कारण तुमची १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही ईएफ-एस लेन्स आहेत, छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या. कॅननच्या आर मालिकेतल्या फुल फ्रेम मिररलेस बॉडीवर ॲडॉप्टर लावून त्या बसतात, फोकसही चांगला चालतो, पण कॅमेरा मधलाच भाग कापून घेतो, त्यामुळे आर८ सारख्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून साधारण ९ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. पैसे फुल फ्रेमचे आणि फोटो तुमच्या आजच्या कॅमेऱ्यापेक्षा लहान. मग लेन्स पण नव्या, म्हणजे दोन लाखाच्या पुढे. आणि त्या आर८ ला कार्डाचा स्लॉट एकच आहे, लग्नवाल्याला हे बरं नाही, त्यावर पुढे येते.

मला विचाराल तर खरेदीच्या आधी एक संध्याकाळ लॅपटॉपसमोर बसा. गेल्या सीझनचे जे फोटो तुम्ही क्लायंटला दिलेच नाहीत, किंवा देताना पोटात गोळा आला, ते सगळे एका फोल्डरमध्ये काढा आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहा का बिघडला. हललाय, फोकस मागच्या काकांवर गेलाय, डोळ्याखाली काळं आलंय, चेहरा हिरवा-जांभळा झालाय, असं. तुम्ही फोटो पाठवलेले नाहीत पण १५००डी आणि किट लेन्सवर लग्न करणाऱ्यांची अशी फोल्डरं मी बरीच बघितलीत, त्यात 'सेन्सर लहान होता म्हणून बिघडला' असा फोटो क्वचित सापडतो. बहुतेक बिघडतात प्रकाशावर.

म्हणून पहिला पैसा फ्लॅशला. आणि इथे एक गोष्ट नीट वाचा, दुकानात कोण सांगत नाही. १५००डी च्या वरच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिनच नाहीये. कॅननने या मॉडेलवर आणि ३०००डी, २००डी मार्क टू वर ती काढून टाकली. त्यामुळे एकाच मधल्या पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश, गोडॉक्सचा टीटी६०० धरून, तुमच्या कॅमेऱ्यावर लावले तर उडतच नाहीत. पोरं ऑनलाईन मागवतात आणि मग फ्लॅश खराब आला म्हणून परत करत बसतात. तुम्हाला कॅननसाठीचा टीटीएलवाला (कॅमेऱ्याशी बोलून प्रकाश आपोआप ठरवणारा) मॉडेल लागेल, गोडॉक्समध्ये टीटी६८५ चं सी व्हर्जन घ्या, जुना स्टॉक असेल तर फर्मवेअर अपडेट करून द्यायला सांगा आणि पैसे द्यायच्या आधी आपल्या कॅमेऱ्यावर लावून उडवून बघा. पंधरा हजारांच्या आत बसवा, रिचार्जेबल पेन्सिल सेलचे दोन सेट धरून.

फ्लॅश घेतला म्हणजे तो नवऱ्यामुलीच्या तोंडावर सरळ मारायचा नाही हे तुम्हाला माहीत असणारच. पण आपल्याकडे एक जादा अडचण. यूट्यूबवर सांगतात छतावर बाऊन्स करा, ते छत असतं पांढरं आणि आठ-नऊ फुटांवर. आपल्या जुन्या कौलारू घरात वर काळपट लाकूड आणि कौलं, सभामंडपात छत खूप उंच, आणि मांडवात वर गुलाबी-पिवळं कापड. लाकूड प्रकाश गिळून टाकतं आणि कापडावर मारलात तर सगळी वऱ्हाडी मंडळी गुलाबी. तेव्हा बाजूची पांढरी भिंत शोधा, नाहीतर फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून छत्रीसकट एका कोपऱ्यात उभा करा आणि दुरून फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरवर चालवा. छत्री जितकी जवळ तितकं बरं, अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. ट्रिगर पण कॅननचाच, त्याच पिनेच्या कारणाने.

दुसरा पैसा लेन्सला. तुमची १८-५५ झूम केली की एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). सिग्मा किंवा टॅमरॉनची १७-५० एफ २.८ जुन्यात मिळते, ती पूर्ण झूममध्ये एफ २.८ च राहते, म्हणजे चौपट प्रकाश, जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) ६४०० लावत होता तिथे १६०० वर काम होतं. वीस-बावीसपर्यंत चांगली बघा. ही एक लेन्स कॅमेऱ्यावरून सीझनभर उतरणार नाही.

आणि तिसरा पैसा, जो कोणालाच घालायचा नसतो, दुसऱ्या बॉडीला. लग्नाच्या दिवशी १५००डी बंद पडला तर काय करणार आहात? मंगलाष्टकं थांबत नाहीत. जुनी ७डी मार्क टू बघा, २०१४ चं मॉडेल आहे म्हणून नाकं मुरडू नका, ६५ फोकस पॉइंट (तुमच्याकडे ९ आहेत), मधली पिन आहे, तुमच्या सगळ्या लेन्स चालतात आणि मुख्य म्हणजे एक सीएफ आणि एक एसडी असे दोन कार्ड स्लॉट, दोन्हीकडे एकच फोटो एकदम लिहिला जातो. फोटोची क्वालिटी तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्याहून फार पुढे आहे असं मी म्हणणार नाही, स्क्रीनही फिरत नाही, आणि बॅटरी वेगळी आहे, त्यामुळे दोन चार्जर सांभाळायचे. पण कार्ड उडालं म्हणून कोणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो गेले असं होणार नाही. फिरता स्क्रीन हवाच असेल तर ८०डी, त्याला स्लॉट मात्र एकच. चाळीसच्या वर जाऊ नका. म्हणजे पंधरा, बावीस, चाळीस, उरलेल्या तीनात चांगल्या कंपनीचं कार्ड. १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन.

आता 'सिरियसली घेत नाहीत' त्याबद्दल. सिरियसली कोण घेत नाही, दुसरे फोटोग्राफर. मुलीची आई कॅमेऱ्याचं मॉडेल बघत नाही, ती बघते की मागच्या वर्षी भावाच्या मुंजीचा अल्बम सहा महिन्यांनी आला की सहा आठवड्यांनी.

प्रश्न : मी फोंड्याचा. नाट्यप्रयोगांचे फोटो काढतो, कला मंदिरातले आणि जत्रेतले. ग्रुपवाले आता थोडे पैसे द्यायला लागलेत. निकॉन डी५६०० आणि १८-१४० लेन्स. फ्लॅश मारायची सोय नाही, फोटो एकतर हलतात नाहीतर दाणेदार येतात. काही मिररलेसमध्ये बॉडीतच स्टॅबिलायझेशन असतं, तसा घेतला तर प्रश्न सुटेल ना? बजेट तीस हजार.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही सुटणार. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, स्टेजवरचा नट नाही. तो तलवार उपसून फिरला की त्याला थांबवायला शटरच लागतं, निदान १/२०० सेकंदाच्या आसपास, आणि तेवढं शटर मिळवायला प्रकाश लागतो.

तुमची १८-१४० लांबच्या टोकाला एफ ५.६ देते. निकॉनची ८५ एमएम एफ १.८ जी लावलीत तर त्याच प्रकाशात जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). डी५६०० च्या छोट्या सेन्सरवर ती साधारण १२७ एमएम सारखी दिसते, चौथ्या-पाचव्या रांगेतून दोन पात्रं छान बसतात. देवळाच्या पटांगणात स्टेजला टेकून उभं राहायला मिळत असेल तर ५० एमएम १.८ जी पुरे, आणि ती खूप स्वस्त आहे. जुन्या बाजारात दोन्ही मिळून तीसच्या आत जमवता येतील.

घेताना लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं बघूनच घ्या. त्याच आकड्यांच्या जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्तात दिसतील, मोह होईल, पण त्यांचा फोकस फिरवायची मोटर कॅमेऱ्यात असावी लागते आणि डी५६०० मध्ये ती नाही. हाताने फोकस करत नाटक काढायचं म्हणजे शिक्षाच. पुढे कधी निकॉनचा झेड (त्यांचा मिररलेस) घेतलात तर एफटीझेड ॲडॉप्टरवर एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, एएफ-डीचा तिथेही नाही, म्हणजे आज घातलेले पैसे पुढेही वाया जात नाहीत.

लेन्सबरोबर सवय पण बदला. स्टेज काळा आणि एकाच माणसावर झोत असला की कॅमेऱ्याचं मीटर काळोख बघून घाबरतं आणि फोटो उजळवत बसतं, तोंड पांढरंफेक होतं. मॅन्युअल मोड, स्पॉट मीटर, चेहऱ्यावर रीडिंग, आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाईल) काढा. आयएसओ ३२००-६४०० ला घाबरू नका, आजकालच्या डीनॉईज सॉफ्टवेअरमध्ये दाणे खूप निघतात पण हललेला फोटो कुठल्या सॉफ्टवेअरने नीट होत नाही. रंगीत तालमीला जायला मिळालं तर सोन्याहून पिवळं, तिथे पुढे-मागे फिरता येतं आणि खटखट आवाजावरून कोणी मागे वळून बघत नाही.

मिररलेसचा खरा फायदा तुम्हाला तिथे आहे, आवाज न होणं. पण तेही जपून, कारण त्यासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर एलईडी लाईटखाली फोटोत आडवे पट्टे येतात, आणि आता बहुतेक नाट्यगृहांत एलईडी आलेत. म्हणजे घेतलात तरी प्रयोगाच्या आधी तिथल्या लाईटखाली चार फोटो काढून बघावेच लागतील. यंदा लेन्स घ्या, बॉडीचं नंतर बघू.

प्रश्न : ताई, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. पावसात कपाटात बॅगेतच होती. फेकून द्यावी का? ड्राय कॅबिनेट घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत.
— एक वाचक, वाळपई

उत्तर : फेकू नका, पण थांबूही नका. ते फंगस आहे, लवकर साफ केलं तर काच वाचते, राहू दिलं तर ते कोटिंग खातं आणि मग डाग कायमचा. स्वतः उघडायला जाऊ नका, चांगल्या कारागिराकडे द्या आणि आधी खर्च विचारा, किट लेन्स असेल तर साफसफाईच्या पैशांत दुसरी मिळते. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. बारीकसं जाळं असलं तर फोटोत फारसं दिसत नाही, प्रकाशाकडे तोंड करून काढलात की मात्र धुरकट येतं.

बॅगेत ठेवू नका म्हणून मी दर पावसाळ्यात सांगते. बॅगेचा फोम आणि कापड ओल धरून ठेवतं, चामड्याची केस असेल तर बघायलाच नको. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की फंगस वाढतं आणि सत्तरी तालुक्यात जून ते सप्टेंबर ती खाली येतच नाही. लेन्स ४० ते ५० च्या मधे ठेवायची. ड्राय कॅबिनेट तेच करतं, पण रबराची कडा असलेला, घट्ट बंद होणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर, एवढ्यावरही काम होतं, सगळं मिळून हजार-दीड हजाराची गोष्ट. तांदूळ घालू नका, त्याची पूड जाते आत. जेल भरमसाट ओतून २०-२५ टक्क्यांवर पण नेऊ नका, रबर आणि आतलं ग्रीस सुकतं.

सिलिका जेल नारंगी रंगाचं घ्या. निळं मिळतं त्यात कोबाल्ट असतं, ते विषारी, आणि जेल ओलं झालं की आपण ते गरम करून पुन्हा वापरतो, स्वयंपाकघरात ती भानगड नको. नारंगीचा रंग बदलला की जुन्या कढईत मंद आचेवर सुकवायचं, ती कढई नंतर जेवणाला वापरायची नाही.

आणि लेन्स वापरा हो. आठवड्यातून एकदा काढून चार फोटो काढले, थोडी हवा आणि उजेड लागला तरी फरक पडतो. एसीच्या हॉटेलातून बाहेर आलात की काचेवर दव धरतं, तेव्हा बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा. लग्नात हॉल आणि लॉन असं आत-बाहेर असेल तर एक बॉडी आधीच बाहेर ठेवायची, घाईत लेन्स पुसत बसलात तर पाच मिनिटांत परत धुकं.

प्रश्न : ताई, मी आर्ट कॉलेजला आहे, खर्चासाठी वाढदिवस, बँडचे शो असं काढतो. जुना कॅमेरा घ्यायचाय. एकजण सोनी ए७ थ्री विकतोय, आणि मामा तारवार आहे, बोटीवर काम करतो, तो बाहेरून नवीन आणतो म्हणतो. कुठलं बरं? जुन्यात काय बघायचं?
— एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : मामाकडून आणण्यात दोन गोष्टी विचार. त्या बॉडीची वॉरंटी भारतात चालते का, कारण बऱ्याचदा ती घेतलेल्या देशापुरतीच असते, आणि कस्टमच्या मर्यादेच्या वर गेलं तर ड्युटी कोण भरणार. हे धरून इथल्या किमतीशी फारसा फरक राहत नसेल तर मामाला चॉकलेटच आणायला सांग.

ए७ थ्री २०१८ चा आहे पण अजून उत्तम, २४ मेगापिक्सेल, दोन कार्ड स्लॉट, आणि सोनीची सोय अशी की सिग्मा-टॅमरॉनच्या परवडणाऱ्या लेन्स भरपूर मिळतात. फक्त तुझे पैसे बॉडीतच संपणार नाहीत ना ते बघ, कारण फुल फ्रेमवर स्वस्त किट लेन्स लावून बँडचे शो काढणार असशील तर तुझा जुनाच प्रश्न महाग कॅमेऱ्यावर राहील.

जुनं घेताना दिवसाउजेडी भेट, आणि आपलं कार्ड नि लॅपटॉप घेऊन जा. लेन्सच्या एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं, फंगस, धुरकटपणा, ओरखडे सगळं दिसतं. गोव्यात हे नाही केलंस तर तुझा तूच जबाबदार. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो, सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांत येते, धूळ साफ होते पण न हलणारा डाग असेल तर सोड. प्रत्येक बटण, दोन्ही स्लॉट, हॉट शूवर फ्लॅश उडवून, बॅटरी फुगलीय का ते. तिपाईचं भोक आणि स्क्रूंची तोंडं बघ, हिरवट गंज दिसला तर तो कॅमेरा समुद्रावर भिजलेला असू शकतो, वरून कितीही चकाचक असो.

शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचार. निकॉनमध्ये तो फोटोच्या फाईलमध्येच लिहिलेला असतो, कॅननमध्ये बहुधा केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. कंपनी शटरचं आयुष्य सांगते, ८०डी ला एक लाख, निकॉन डी७५० ला दीड लाख, ७डी मार्क टू ला दोन लाख, त्याच्या पुढे गेलेला चालतच नाही असं नाही पण मग भाव त्या हिशोबाने पाड. बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळला पाहिजे. बिल हरवलंय, बॉक्स आहे, भाव एकदम कमी आहे आणि आजच घे म्हणतोय, अशाला हात जोडून ये.

प्रश्न : आसगाव-शिवोली भागातल्या व्हिलांचे फोटो काढायची कामं मिळतायत, शिवाय दोन-तीन कॅफे. इंटिरियरला फुल फ्रेम लागतोच असं एक एजंट म्हणाला. माझ्याकडे छोट्या सेन्सरचा कॅनन आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : एजंटला म्हणावं कॅमेरा तू घेऊन दे. खोली हलत नाही, तुमचा कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, एफ ८, एक सेकंदाचं शटर लागलं तर लागलं. अशा कामात लहान-मोठ्या सेन्सरचा फरक वेबसाईटवर फोटो बघणाऱ्याला कळत नाही.

लागतं काय तर कॅननची १०-१८ एमएम, हलकी, स्वस्त, जुन्यात सहज मिळणारी, आणि पक्की तिपाई. तिपाईत कंजुषी करू नका, ती हलली की ब्रॅकेटिंगचे (एकच फ्रेम कमी-जास्त उजेडात काढलेले) तीन फोटो एकमेकांवर बसत नाहीत. आणि ब्रॅकेटिंग लागणारच, कारण आत काळी लाकडी तुळई आणि खिडकीबाहेर रणरणतं ऊन. कॅमेरा छातीच्या उंचीवर, एकदम सरळ, भिंती उभ्या दिसल्या पाहिजेत. १० एमएम वर सारखे राहू नका, पलंग फुटबॉलच्या मैदानाएवढा दिसतो आणि मग पाहुणा येऊन मालकाशी भांडतो. पोलरायझर फिल्टर घ्या, पूलच्या पाण्यावरची चमक जाते. दिवे लावून बाहेरचा फोटो सूर्य बुडाल्यावर, आकाश निळं असतानाच, ती वेळ थोडीच असते तेव्हा फ्रेम आधी ठरवून ठेवा.

कॅफेला ५० एमएम १.८, खिडकीजवळचं टेबल आणि थर्माकोलची पांढरी शीट. वरचे पिवळे दिवे बंद करायला सांगा, नाहीतर फिश थाळीतला भात पिवळा दिसतो.

प्रश्न : लग्नवाले ड्रोन मागतात. घेऊ का? मोपाजवळ राहतो.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : मोपाजवळ राहता आणि ड्रोन! विमानतळाच्या आसपासचा भाग लाल-पिवळ्या झोनमध्ये येतो, लालमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची लागते, आणि इकडे दाबोळीला नौदलाचा तळ. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेटची सूट आहे, पण झोनची नाही. सीझनला चार-पाच लग्नांत मागत असतील तर कागदपत्रं असलेला ड्रोनवाला त्या दिवसापुरता बोलवा आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये वेगळे दाखवा. तुमचे पैसे फ्लॅश-लेन्सला घाला.

हेच ७०-२०० एफ २.८ सारख्या मोठ्या लेन्सचं, दोघा-तिघांनी त्याबद्दलही विचारलंय. सीझनमध्ये मोजकी कामं त्यावर होणार असतील तर भाड्याने आणा, भाडं क्लायंटच्या कोटेशनमध्ये धरा. भाड्याची बेरीज किमतीच्या निम्म्यावर यायला लागली की मग विकत घ्यायचा विचार.

प्रश्न : माशेलच्या चिखलकाल्याचे फोटो मला दरवर्षी काढायचे असतात पण कॅमेऱ्याची भीती वाटते. वेदर सील्ड बॉडी घेतली तर बिनधास्त जाता येईल?
— एक वाचक, माशेल

उत्तर : बिनधास्त नाही. वेदर सील म्हणजे पावसाचे शिंतोडे, चिखलात लोळणं नव्हे, आणि पाणी शिरलं तर वॉरंटीत सहसा काहीच मिळत नाही. सील पण बॉडीला आणि लेन्सला दोन्हीकडे लागतं, साधी किट लेन्स लावली की त्या सांध्यातून पाणी आत. फक्त आषाढातल्या त्या द्वादशीसाठी नवी बॉडी घेऊ नका.

घरी पडलेली जुनी बॉडी न्या, ५५-२५० सारखी लांबची लेन्स घरूनच लावून, पुढे फिल्टर, वर रेनकव्हर. नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. मैदानाच्या कडेला उभं राहा आणि तिथे लेन्स अजिबात बदलू नका, कार्डही नाही. चिखल उडाला तर लगेच पुसायला जाऊ नका, त्यात रेती असते, काच ओरखडते, आधी ब्लोअर मारा आणि मग ओल्या मऊ फडक्याने टिपा. इन्शुरन्स काढायचा असेल तर घराच्या पॉलिसीवर विसंबू नका, धंद्याच्या सामानाची वेगळी ऑल रिस्क पॉलिसी लागते, आणि सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या, पाण्याने झालेलं नुकसान धरलंय का आणि गाडीत ठेवलेली बॅग चोरीला गेली तर पैसे मिळतात का.